घाटवाटांची नोंद आणि जीपीएस लॉगर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डोंगरभटकंतीवर आलेल्या लेखात, हातात फोन असताना जीपीएसचे वेगळे यंत्र बाळगण्याचे आता कारण उरलेले नाही, असे म्हटले आहे. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे. घाटवाट चालणाऱ्याच्या, आणि त्यातही ती चालून नकाशात नोंदवू पाहणाऱ्याच्या बाबतीत ते पुरते खरे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुन्नर ते मुरबाड या पट्ट्यातल्या वाटा चालणे आणि त्या ओपनस्ट्रीटमॅपवर चढवणे हा माझा उद्योग आहे. घरचे त्याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात.

ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येईल आणि कोणालाही वापरता येईल असा जगाचा नकाशा. सरकारी नकाशांची माहिती इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला मोकळेपणाने वापरता येत नव्हती, म्हणून स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली तो तिथे सुरू केला. पहिल्या काही वर्षांत स्वयंसेवक लॉगर, म्हणजे चाललेल्या वाटेची रेषा नोंदवणारे जीपीएसचे छोटे यंत्र, खिशात टाकून सायकलवर हिंडत आणि रात्री संगणकावर त्या रेषा गिरवत. पुढे उपग्रहचित्रांवरून गिरवण्याची मुभा मिळाली आणि रस्ते, घरे, तलाव घरबसल्या नकाशात येऊ लागले. लॉगर मागे पडला तो तेव्हापासून. पण सह्याद्रीतली पायवाट उपग्रहाला दिसत नाही. पावसाळ्यात ती गवताखाली असते, एरवी झाडीखाली किंवा कड्याच्या सावलीत. जी रेषा चित्रात नाही ती गिरवणार कशी? ती चालूनच आणावी लागते.

लॉगर म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. तिला बहुधा पडदा नसतो. एक बटण, दोन दिवे आणि ठरावीक अंतराने आपण कुठे आहोत याची नोंद ठेवण्याचे एकच काम. दर पाच सेकंदांनी एक नोंद ठेवली तर आठ तासांच्या चालीत ५७६० बिंदू जमतात. फोनही हे काम करतो, आणि त्यासाठी ओएसएमअँडसारखी चांगली मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी, ॲपही आहेत. पण बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मागे चाललेले ॲप गुपचूप बंद करतो आणि आपल्याला ते कळते दुपारी. शिवाय डोंगरात फोनची बॅटरी ही अडीनडीला कोणाला तरी बोलावण्यासाठी राखून ठेवायची वस्तू आहे, हे माझे मत मी सोडायला तयार नाही.

लॉगर कुठे फसतो हेही सांगितले पाहिजे. वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढताना झाडीतली माझी रेषा बरीचशी नीट येते. माथ्याजवळच्या अरुंद नळीत शिरलो की दोन्ही बाजूंच्या कातळावरून परतलेले संकेत यंत्राला चकवतात आणि रेषा डावी-उजवीकडे उड्या मारू लागते. शिलालेखाच्या गुहेत मी अर्धा तास भाकरी खात बसलो होतो. तेवढ्या वेळात लॉगरने मला कड्यावरून चारदा खाली ढकलून पुन्हा वर आणल्याचे संध्याकाळी संगणकावर दिसले. उंचीचा आकडा तर याहूनही बेभरवशाचा. म्हणून एकाच फेरीच्या रेषेवरून वाट आखू नये. तीच वाट निदान तीनदा, जमल्यास वेगवेगळ्या दिवशी, चालून त्या रेषांच्या गुंत्यातून मधली धरावी. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली नसती, तर चूक शंभर मीटरपर्यंत राहिली असती आणि हा छंदच संभवला नसता; आता मोकळ्या आभाळाखाली ती पाचएक मीटरांवर आली आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचे मोल मला तत्त्वापेक्षा अडचणीतून पटले. माझ्या लॉगरसोबत आलेली सीडी आजच्या संगणकावर चालत नाही आणि बनवणाऱ्यांनी त्या यंत्राकडे केव्हाच पाठ फिरवली आहे. यंत्र मात्र ठणठणीत आहे. त्यातल्या नोंदी मी बीटी ७४७ नावाच्या मुक्त प्रोग्रामने उतरवतो, जीपीएसबेबलने त्या जीपीएक्स या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात आणतो आणि जेओएसएम या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालण्याच्या प्रोग्रामात उघडून नकाशा आखतो. तिन्हींना पैसे पडत नाहीत. पहिल्या दिवशी डोके मात्र धरावे लागते.

एक अनुभव नमूद करतो. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. तशी वेळ ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आली आणि त्यानंतर अनेक जुनी यंत्रे तारखेत मागे गेली. जानेवारी २०२४ मधली माझी जीवधन किल्ल्याची फेरी लॉगरने मे २००४ मध्ये घातली, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप जन्माला येण्याच्याही आधी. जेओएसएम फोटो आणि रेषा यांचा मेळ वेळेवरून घालतो, त्यामुळे वाटेत काढलेले दीडशे फोटो एकाही जागी बसेनात. शेवटी जीपीएसबेबलला सगळ्या नोंदी १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस, पुढे सरकवायला सांगितले, लॉगरची वेळ आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते याचाही हिशेब घातला, आणि फोटो आपापल्या जागी जाऊन बसले.

आता माझी चूक. जीवधनच्या पायथ्याच्या जंगलात मी पहिल्याच वर्षी एक ठळक वाट चालून नोंदवली. ती पुढे विरळ होत गेली, मी उजेड उतरला म्हणून परतलो, आणि जेवढी चाललो तेवढी नकाशात चढवून मोकळा झालो. दुसऱ्या वर्षी तिथेच भेटलेला गुराखी म्हणाला, ‘‘बाबा, ही ढोरांची वाट. फुडं कडाच हाय.’’ घरी आल्यावर मी ती रेषा काढली. पण लोक नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवतात आणि महिनोन्‌महिने बदलत नाहीत. मी पुसलेली वाट कोणाच्या तरी फोनमध्ये अजून असेल, ही टोचणी मला आहे. दर पावसाळ्यात वाट चुकलेल्यांच्या बातम्या आपण छापता, त्या वाचताना ती जास्त जाणवते. वाट किती स्पष्ट दिसते आणि किती अवघड आहे, यासाठी या नकाशात स्वतंत्र नोंदी आहेत. त्या कोऱ्या ठेवून नुसती रेषा चढवणारे पुष्कळ आहेत, तेव्हा मीही त्यांतलाच होतो.

असे नकाशे काढणे कायद्यात बसते का, असे मला अनेकदा विचारले जाते. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय नागरिकाला अशा कामासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील म्हणून वगळलेल्या गोष्टी मात्र नोंदवायच्या नाहीत. ज्याहून अचूक माहितीवर जास्त बंधने येतात तो उंबरठा त्या सूचनांत आडव्या मापात एक मीटरचा आहे आणि आमच्या डबीची चूकच पाच मीटरांची, तेव्हा त्या बाबतीत आम्ही निरुपद्रवी आहोत. वनखात्याची प्रवेशबंदी असेल तिथे जायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे वा रेषा उतरवायच्या नाहीत, कारण त्या मालकीच्या असतात. आणि आपल्या घरापासून सुरू होणारी रेषा जाहीर करण्याआधी तिचे टोक छाटावे. नाहीतर आपण कुठे राहतो आणि किती वाजता घराला कुलूप लागते, हे साऱ्या जगाला कळते.

याच भूमीत विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केलेल्या सर्वेक्षणात अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, माणसांनी डोंगरांवर चढवला. १८२३ मध्ये लॅम्बटन यांचा मृत्यू झाला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्या मानाने आमचे ओझे काहीच नाही. आमचे खरे काम विचारण्याचे आहे. टाक्याला पाणी कुठवर टिकते, पावसात ओढा ओलांडता येतो का, खिंडीला काय म्हणतात, हे लॉगर सांगत नाही आणि उपग्रहही नाही. या नकाशात मराठी नावासाठी वेगळी जागा आहे. माझ्या भागातल्या कितीतरी वाड्यांची ती जागा रिकामी आहे, किंवा इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने उलट मराठीत आणलेली अशुद्ध नावे तिथे बसली आहेत. भटकंती करणाऱ्या मंडळांनी रेषा जमवण्याइतकाच वेळ वाडीतल्या ओट्यावर बसून घालवला, तर हे लवकर निस्तरेल.

सध्या मी एका ओढ्यापाशी अडलो आहे. नाणेघाटाच्या उत्तरेकडे घाटघरच्या पठारावरून कोकणात उतरणाऱ्या या ओढ्याला घाटावरचे लोक एका नावाने ओळखतात आणि खालचे दुसऱ्याच. नकाशात पर्यायी नावाची सोय आहे, पण मुख्य नाव कोणते ठेवायचे ते मला एकट्याने ठरवायचे नाही. त्या बाजूच्या दोन्हीकडच्या गावांतले आपले वाचक याबद्दल आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात लिहितील, तर मी आभारी राहीन.

आपला,
एक वाचक, जुन्नर