घडी उलगडायला एक हॉल द्या

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

सा. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावात येताच. यंदा तासभर काढून उद्यमबागेत या. (कन्नड प्रत सोबत जोडली आहे, म्हणजे मुद्दा भाषेवरून अडायला नको.)

माझं इथं छोटं मशिन शॉप आहे. गेल्या वर्षी इंजिनिअरिंगची चार पोरं टेपसारखी गुंडाळता येणारी पोलादी पट्टी मागत आली. सौर शिडासाठी म्हणे, म्हणजे उजेडाच्या रेट्यावर यान ढकलणारा पातळ, चकचकीत पडदा; पट्ट्या तो ताणून धरायला! मला चेष्टाच वाटली. पण उजेडालाही रेटा असतो, बघा. 2019 च्या लाइटसेल-2 या पाच किलोच्या उपग्रहाचं शिड 32 चौरस मीटर. त्यावरचा सगळा रेटा आपल्या बासमतीच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाएवढा. मात्र तो थांबत नाही, आणि इंधनाची टाकी लागत नाही. जपानचं इकारोस यान 2010 मध्ये असंच शिड पसरून शुक्राजवळून गेलं. आपल्या इन्सॅट-2 उपग्रहांवरही शिड होतं, पण उजेडाच्या रेट्यानं उपग्रह कलू नये म्हणून. तोल सांभाळणारं झालं, प्रवासाला नेणारं राहिलं.

खरी गोम उलगडण्यात आहे. लाइटसेलचा पडदा 4.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, तोही हातात मावणाऱ्या डब्यात कोंबलेला. पोरांना कॉलेजचा हॉल मिळेना, तो रिसेप्शनला दिलेला. शेवटी आमच्या शेडमध्ये पंखे बंद करून चकचकीत प्लास्टिकचं शिड उघडलं. तीन कोपरे सरळ आले, चौथी पट्टी मुरडली आणि शिड टर्रकन फाटलं. वडगावच्या एका विणकर मावशींनी तुकडा उजेडात धरला. म्हणाल्या, "एकाच रेघेवर मोडत राहिलासा की साडी पण तिथंच चिरत्या." पोरांनी तेव्हापासून घडीच बदलली.

मागणी एवढीच: वारा-धूळ नसलेला, गुळगुळीत फरशीचा एक हॉल आणि एक हाय-स्पीड कॅमेरा. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ इथं मच्छ्यातच आहे, जागा त्यांच्याकडे निघेल. जमिनीवर जमलं की इस्रोच्या पोएमवर, म्हणजे प्रयोगांसाठी कक्षेत ठेवलेल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर, जागा मागावी. तिथं उंची कमी, म्हणून उरलेल्या विरळ हवेच्या अडथळ्यामुळं उजेडाचा रेटा मोजता येणार नाही, पण शिड उघडतं का ते कळेल. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा किलोभराचा 'स्वयम्' उपग्रह 2016 मध्ये पीएसएलव्हीवरून गेलाच की.

शिड फाटणार, हे धरूनच पैसे द्या. 2022 मध्ये नासाच्या 86 चौरस मीटर शिडाच्या यानाशी तर संपर्कच झाला नाही.

अधिवेशनाच्या आठवड्यात शेड रात्री नऊपर्यंत उघडी असेल. पंखे बंद असतील, तेवढं चालवून घ्या.

आपला,
उद्यमबागेतला एक मशिन शॉपवाला