असेल त्यातून करण्याचा आनंद

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की शहरांतल्या पेठांत रस्त्याच्या कडेला तयार किल्ले मांडलेले दिसू लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, तपकिरी-हिरव्या रंगाचे फवारे मारलेले, बुरूज, दरवाजा आणि पायऱ्या साच्यातूनच घेऊन आलेले हे किल्ले गाडीच्या डिकीत मावतील अशा बेताचे असतात आणि घरी नेऊन त्यांच्यावर मावळे उभे केले की काम संपते. विकणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, सणासुदीचे चार दिवस त्यांचेही असतात. ज्यांना अंगण नाही आणि मातीसुद्धा विकत आणावी लागते, अशा सदनिकेतल्या कुटुंबांची अडचणही मी जाणते. तरीही तयार किल्ला घरात येताना घरातून काय बाहेर जाते, याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

अंगणातला किल्ला कधीच ठरवल्याप्रमाणे होत नसे आणि खरी गंमत त्यातच होती. विटांचे तुकडे, दगड, फुटकी कौले, एखादी पालथी घातलेली गळकी बादली असा ढीग रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले की डोंगराला सुरकुत्या आपोआप पडत. त्यांतली घळ कोणती आणि सोंड कोणती हे मागाहून ठरे, म्हणजे निम्मा नकाशा गोणपाटच काढून देत असे. आठवडाभर आधी वर चाळलेली माती पसरून अळीव किंवा मोहरी भुरभुरली की लक्ष्मीपूजनापर्यंत उतार हिरवे होत. ज्यांना उशीर होई ते लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन वेळ मारून नेत. फुटक्या आरशाच्या तुकड्याचे तळे, खराट्याच्या काड्यांचे कुंपण आणि कुणीतरी कुठून तरी पैदा केलेली सलाइनची नळी उंचावरच्या डब्याला जोडून उडवलेले कारंजे, हा थाट गल्लोगल्ली असे. हात तुटलेला मावळा टाकून दिला जात नसे. त्याला लढाईत जखमी झाल्याचे ठरवून बुरुजाच्या सावलीत निजवण्यात येई. गाय मावळ्यापेक्षा लहान आणि वाघ महादरवाज्यापेक्षा मोठा असला, तरी त्याची कुणाला लाज वाटत नसे.

२०२५ च्या जुलै महिन्यात रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, याचा आपणा सर्वांना रास्त अभिमान आहे. मात्र त्या अभिमानापोटी किल्ला हुबेहूबच हवा असा आग्रह स्पर्धांमधून वाढीस लागू नये, अशी माझी इच्छा आहे. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या नकाशाबरहुकूम उभ्या करणाऱ्या मोठ्या मुलांच्या अभ्यासाचे कौतुक व्हायलाच हवे. पण आठ वर्षांच्या मुलाने कुठल्याच नकाशात नसलेला, त्याच्या मनातला गड बांधला, तर परीक्षकांनी त्याला ‘हा कोणता किल्ला?’ असे विचारून गोंधळात टाकू नये.

असेल त्यातून काहीतरी उभे करण्यात जे सुख आहे, ते मला वाटते वस्तू पूर्ण होण्यापेक्षा एखादी वस्तू नसण्याच्या क्षणी जास्त असते. हवी ती गोष्ट हाताशी नाही हे कळते, माणूस घटकाभर थांबतो, आजूबाजूला पाहतो, आणि रोज डोळ्यांसमोर असलेल्या एखाद्या क्षुल्लक वस्तूचा वेगळाच उपयोग त्याला दिसतो. बाजार आता इतका जवळ आला आहे आणि फोनवरून मागवलेली वस्तू इतक्या लवकर दारात येते, की ती थांबण्याची घटकाच उरलेली नाही.

कल्पकता म्हणजे वाटेल ते करणे, असा एक गैरसमज मात्र दूर ठेवायला हवा. जात्यावर दळण दळणाऱ्या बायकांच्या ओव्या पाहाव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीने गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. या ओव्यांची चाल ठरलेली, ‘पहिली माझी ओवी’ यासारखी सुरुवात ठरलेली, भाऊ, माहेर, पंढरी हे विषयही बहुतेक ठरलेलेच असत. त्या चौकटीत स्वतःच्या सासरचे, स्वतःच्या गावच्या पावसाचे आणि आजच पोटात सलणाऱ्या गोष्टीचे शब्द बसवायचे काम मात्र ज्या बाईच्या हातात खुंटा असेल तिचे. आपल्या गायकीतली बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तारसुद्धा, रागाच्या नियमांत राहूनच होते. चौकट ठाऊक असलेल्यालाच तिच्यात मोकळेपणाने फिरता येते.

याच न्यायाने आपले स्वयंपाकघर चालत आले आहे. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे वरचे पाणी फेकून देणे कुणाच्या तरी जिवावर आले असणार. त्यात चमचाभर पुरण, चिंच, गूळ, गोडा मसाला आणि भाजलेले सुके खोबरे पडले आणि कटाची आमटी झाली. आज ती उपाहारगृहांच्या फलकांवर ऐटीत झळकते आणि तिच्याविना पुरणपोळीचे ताट अपुरे मानले जाते. दोडक्याची भाजी केली की त्याच्या सोललेल्या शिरा तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतून चटणी करायची, आणि बरेचदा ती चटणीच भाजीआधी संपते. लोणी कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवायची. फणसाचे गरे संपल्यावर आठळ्या उकडायच्या किंवा भाजीत घालायच्या. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करून कांदा, मिरची, हळद घालून फोडणीला टाकायच्या. या शेवटच्या पदार्थाला घराघरांत निराळे नाव आहे आणि प्रत्येक घराची खात्री असते की आपलीच फोडणीची पोळी खरी. यांतल्या कशाचीही मापे लिहिलेली नसतात. किती पोळ्या उरल्या आणि त्या किती कोरड्या पडल्या आहेत, हे पाहून ताकाचा हबका द्यायचा की पाण्याचा, हे उभ्या उभ्या ठरते.

गोधडीबद्दल लिहायला बसले तर पत्राची जागा पुरणार नाही. एवढेच सांगते की वापरून वापरून मऊ झालेली लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून धावदोरा घालताना कोणता तुकडा वर यावा आणि कोणता आत जावा, हा निर्णय रंगसंगतीचा असे तसा मायेचाही असे. गेलेल्या माणसाचे वस्त्र कुठे ठेवायचे, हे ज्या बाईने ठरवले आहे तिला मांडणी म्हणजे काय ते निराळे शिकवावे लागत नाही. आता दुकानांत छापील ठिगळांच्या रजया मिळतात. दुरून त्या दिसतातही तशाच.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. ज्या काळाच्या आठवणीने आपण हळवे होतो, त्या काळात पुरवून पुरवून वापरणे ही बहुतेकांची नाइलाजाची गोष्ट होती आणि तिचे ओझे मुख्यतः घरातल्या बाईच्या डोक्यावर होते. उरलेल्यातून चविष्ट काही करणारी गृहिणी ‘सुगरण’ म्हणून गौरवली गेली, पण पुष्कळदा त्या उरलेल्यावरच तिचे जेवण भागवले गेले. म्हणून हा आनंद परत आणायचा असेल, तर तो एकट्या आईवर टाकून चालणार नाही. पोळी फोडणीला टाकणे, शर्टाचे बटण लावणे, उसवलेली पिशवी शिवणे ही कामे मुलगे आणि त्यांचे वडीलही करतील, तर त्यातल्या मजेत त्यांचाही वाटा राहील. दुसरे असे की घरातल्या कल्पकतेचे कौतुक करताना सार्वजनिक कामांतल्या चालढकलीला आपण त्याच नावाखाली माफ करता कामा नये. पुलाच्या तुटलेल्या कठड्याला महिनोन्‌महिने बांबू बांधून ठेवणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. घरातही फ्यूजच्या जागी जाड तार घालणारा माणूस हुशार नसतो. तार वितळावी म्हणूनच ती बारीक असते, आणि ती वितळली नाही तर वायरिंग पेटते.

मुलांपर्यंत हे कसे पोहोचवावे, याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी संबंध आल्यानंतर टाकाऊ वस्तूंपासून शैक्षणिक खेळणी करण्याला आयुष्य वाहिले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीचे तुकडे एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र काही केल्या हलत नाही, आणि रेल्वेच्या पुलांना त्रिकोण का असतात हे मुलाला बोटांतूनच उमगते. याउलट आपल्या कित्येक शाळांत ‘प्रकल्प’ म्हणून जे मागितले जाते, त्याचे सर्व सुटे भाग स्टेशनरीच्या दुकानात पाकीटबंद मिळतात आणि रात्री जागून ते चिकटवतात आई-वडील. शाळेत शिकवण्यात माझी हयात गेली आहे, आणि असे चकचकीत प्रकल्प पहिल्या रांगेत मांडले जाताना मी पुष्कळदा पाहिले आहेत.

एखादी वस्तू मिळेनाशी झाली की माणसे कशी कामाला लागतात, तेही आपण पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली, तेव्हा गणपतीचे मखर आता कसे करायचे म्हणून बरीच ओरड झाली. त्यानंतर घराघरांत पुठ्ठ्याची, बांबूच्या कामट्यांची, जुन्या पैठणीच्या काठांची, वर्तमानपत्राच्या लगद्याची मखरे दिसू लागली. बंदीची अंमलबजावणी किती कडक झाली हा स्वतंत्र विषय आहे, पण ती मखरे पूर्वीच्या पांढऱ्या महालांहून अधिक देखणी होती, असे माझे प्रामाणिक मत आहे.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत काही विनंत्या करते. किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी लहान गटापुरता तरी असा नियम करावा की मावळे सोडून विकतची कोणतीही वस्तू किल्ल्यावर नसावी, आणि परीक्षकांनी ‘हे कशाचे केले?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाला विचारून त्याच्या उत्तराला गुण द्यावेत. अंगण नसलेल्यांसाठी गृहनिर्माण संस्थांनी वाहनतळाचा एक कोपरा आणि मातीची एक खेप द्यावी. दिवाळीनंतर ती माती संस्थेच्याच झाडांना घालता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या दरम्यान दप्तराविना १० दिवस सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांसोबत घालवण्याची सूचना आहे. शाळांनी त्या जाणकारांत गोधडी शिवणाऱ्या आजीला आणि छत्री दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही बोलवावे. आणि आपण रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा चार बोटे जागा वाचकांच्या अशा घरगुती कृतींसाठी राखून ठेवावी. त्यात साहित्याची यादी मात्र ‘घरात जे असेल ते’ एवढीच छापावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सातारा