गिरणीतून बाईंना पत्र

बाई, सा. न. वि. वि.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या लेकीच्या पत्त्यावर बंगळूरला पाठवता आलं असतं. पण तमाशा मी भर गिरणीत, आठ-दहा गिऱ्हाइकांसमोर केला होता. मग आभार तेवढे गुपचूप कशाला मानायचे?

आषाढी एकादशीचा आदला दिवस. गिरणीत कामाला असलेल्या पोराने गहू दळून झाल्यावर दगड न झाडताच उपवासाची भाजणी टाकली. चूक त्याचीच. पण मी रिकामा डबा भिरकावला आणि तो त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. सगळे गप्प. तुम्ही रांगेतून पुढे आलात. वाटलं, आता शाळेतल्यासारखा कान धरणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या सहाला मारुतीच्या देवळात या. सतरंजी आणा."

दुखरी दाढ काढून घ्यायला जावं तसा मी आलो. तुम्ही पंधरा दिवस एकही आसन दिलं नाहीत. नुसता श्वास सोडायला लावलात. घेताना चार अंक, सोडताना आठ. माझं बीपी बघून कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरजोरात श्वास मारायचे प्रकार नको म्हणालात, आणि गोळी बंद करायची नाही हे दरडावून सांगितलंत. मनगटावर बोट ठेवायला लावलंत, तेव्हा श्वास सोडताना नाडी जरा सावकाश पडते हे माझं मलाच कळलं. त्याआधी हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाने शरीरात काय होतं ते यंत्रं लावून मोजलं, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. मापं घेणं हा आमचाही धंदा, त्यामुळे पटलं.

भ्रामरी मात्र लगेच जमली. तीस वर्षं गिरणीच्या घरघरीत काढलेल्या माणसाला ओठ मिटून गुणगुणायला काय शिकवायचं! शवासनात घोरायचो, ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

तरी महिन्याभराने मी कुरकुरलोच. डोकं तापल्यावर कुठला श्वास आठवतो? त्यावर तुम्ही मला मोटरचं बटण बंद करायला लावलंत. मोटर थांबली, दगड गरगरतच राहिला. "आता आत हात घालाल का?" तुम्ही विचारलंत. म्हटलं, वेडा आहे का मी. "मग तोंड तरी कशाला घालता?" बाई, इतक्या वर्षांत रोज शंभरदा बटण दाबलं असेल, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. दोन-तीन महिन्यांनी फळीवरचा डबा काढायला मी हात वर केला आणि पोरगं दचकून मागे सरलं. मी रागात नव्हतोच. माझा श्वास ताळ्यावर आला होता, त्याचा कुठे आला होता? रात्री शटर ओढताना त्याची माफी मागितली. "असू द्या मालक," म्हणाला. नजर मात्र डब्यावरच होती. त्याला लागलेला वेळ माझ्यापेक्षा जास्त होता, आणि त्यावर देवळात काही शिकवत नाहीत.

राग गेला म्हणाल, तर नाही. उधारी बुडवणाऱ्याला आजही सुनावतो, आणि सुनावलंच पाहिजे. फक्त दगड थांबल्यावर सुनावतो.

तिकडे ज्वारीचं पीठ मनासारखं मिळत नाही म्हणालात, म्हणून पाच किलो पाठवतोय. दगड झाडून, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढून. दळलंय पोरानेच. मी शेजारी उभा होतो. सुरुवातीला जाडसर पडत होतं, बोलायला तोंड उघडलं होतं, पण थांबलो. त्याने चिमटीत पीठ घेऊन चोळून पाहिलं, आणि आपणहून दगड आवळला.

तुमचा,
गिरणीवाला, सातारा