नव्या स्लायडिंग खिडकीमुळे खोली तापते आणि वारा अडतो, याबाबत तक्रार

दिनांक : ९ एप्रिल २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : विलेपार्ले (पूर्व) येथील घरी बसवलेली खिडकी बदलून मिळणे किंवा पैसे परत मिळणे.

महोदय,

गेल्या डिसेंबरात तुमच्या माणसांनी आमच्या पश्चिमेकडच्या खोलीची जुनी लाकडी खिडकी काढून तिथे काळसर काचेची अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग खिडकी बसवली. त्याचे ३१,५०० रुपये मी बसवण्याआधीच पूर्ण भरले. कामाच्या सफाईबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पल्ले हलके सरकतात, कोपऱ्यांत सिलिकॉन नीट भरलंय. थंडीच्या दिवसांत मी शेजारणींना तुमचा नंबरही दिला. माझी तक्रार मार्चपासूनची आहे.

ही खोली माझ्या सासूबाईंची. त्यांचं वय ८१. गुडघ्यांमुळे दिवसाचे बहुतेक तास त्या खिडकीजवळच्या खुर्चीत असतात. तिथेच जप, तिथेच भाजी निवडणं. यंदा दुपारी दोननंतर त्या खुर्ची उचलायला लावतात आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतात. "गं, भिंतीला चूल लावल्यासारखं होतंय," हे त्यांचे शब्द. आधी मला वाटलं, वयामुळे सोसत नसेल. मग एका दुपारी चार वाजता मी स्वतः काचेवर तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला. भिंतीवरचा तापमापक मात्र ३३ दाखवत होता, आणि आतल्या खोलीतही जवळपास तेवढंच होतं. म्हणजे हवा तेवढीच, पण तापलेल्या काचेची झळ थेट अंगावर येते. तापमापकात ती दिसत नाही, माणसाला मात्र जाणवते.

तुमच्या प्रतिनिधींनी कोटेशनवर पेनाने लिहून दिलं होतं, "५०% हीट कमी". तो कागद सोबत जोडला आहे. मी त्यांना विचारलं, निम्मी कशाच्या तुलनेत? त्याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. साध्या पारदर्शक काचेच्या तुलनेत म्हणत असाल, तर आमच्याकडे दुपारी काच नव्हतीच. जुन्या खिडकीला बाहेरच्या बाजूने तिरक्या फळ्यांच्या लाकडी झडपा होत्या. ऊन आलं की त्या लावायच्या. ऊन बाहेरच थांबायचं आणि फळ्यांमधून वारा आत यायचा. त्या झडपांना तुमचे प्रतिनिधी "जुनाट" म्हणाले आणि आम्ही त्या काढू दिल्या. आता त्यांच्या जागी अशी काच आहे, जी ऊन स्वतःत शोषते, तापते आणि त्यातली बरीच उष्णता घरातच सोडते. चौकटही अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे लाकडाच्या शेकडो पटींनी उष्णता वाहून नेणारी. वर छज्जा आहे, पण पश्चिमेचं ऊन तिरकं, छज्जाच्या खालून आत शिरतं. घर बघायला आलेल्या माणसाने एवढं तरी सांगायला हवं होतं.

काचेचा एसएचजीसी किती, हेही मी फोनवर दोनदा विचारलं. काचेवर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेपैकी किती भाग आत येतो, हे सांगणारा हा शून्य ते एकमधला आकडा. साध्या काचेचा तो साधारण ०.८ असतो. "मॅडम, ते मोठ्या टॉवरवाल्यांना लागतं," असं उत्तर मिळालं. पार्ल्यातल्या तिसऱ्या मजल्यावर ऊन काही वेगळं पडत नाही.

याहून मोठं दुःख वाऱ्याचं आहे. खोली १० बाय १२ फूट, खिडकी ५ बाय ४. जुनी दोन्ही दारं सताड उघडली की २० चौरस फूट मोकळे व्हायचे, म्हणजे जमिनीच्या एक षष्ठांश. शिवाय वर झरोका होता, त्यातून छतालगतची गरम हवा निघून जायची. स्लायडिंगमध्ये एक पल्ला नेहमी दुसऱ्यामागे जातो, त्यामुळे उरतात जेमतेम १० फूट, आणि त्यावरही मच्छरांची जाळी. झरोक्याच्या जागी तर पक्की काच बसवली आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची 'इको निवास संहिता २०१८' उष्ण-दमट हवामानातल्या घरांसाठी उघडता येणारी खिडकी चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के मागते. ती नव्या इमारतींसाठी आहे, आमच्या जुन्या सोसायटीवर तिचं बंधन नाही, हे मला माहीत आहे. पण खिडक्यांचाच धंदा करणाऱ्यांना मुंबईत वाऱ्याला किती जागा लागते, हे ठाऊक असायला हवं. इथे घाम वाळतो तो वाऱ्यानेच. दुपारी समुद्राकडून येणारा वारा याच बाजूने यायचा. सासूबाई संध्याकाळी उदबत्ती लावतात. पूर्वी तिचा धूर सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीकडे ओढला जायचा. आता तो देव्हाऱ्यापुढे उभाच्या उभा वर जातो आणि छताखाली साठतो.

तक्रार केल्यावर तुमच्याकडून दोन उपाय सुचवले गेले. एक, आतून जाड पडदा लावा. पण ऊन काच ओलांडून आत आलं की उष्णता घरात शिरलीच, शिवाय पडद्याने उरलासुरला वाराही जातो. दुसरा, एसी बसवा. सासूबाईंना एसीत सांधे धरतात. आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचं वीजबिल भरायला लागू नये, म्हणूनच तर आम्ही "हीट कमी" हे शब्द वाचून पैसे मोजले.

माझी मागणी अशी. स्लायडिंग काढून पूर्ण उघडणारी, बिजागऱ्यांची खिडकी बसवावी, झरोका पुन्हा उघडा करावा आणि बाहेरून ऊन अडवणाऱ्या फळ्यांच्या झडपा लावून द्याव्यात. लाकडाचाच हट्ट नाही. काच कोणतीही वापरलीत, तरी तिचा एसएचजीसी बिलावर लेखी हवा. हे जमणार नसेल, तर ३१,५०० रुपये परत करावेत. जुन्या झडपा तुमची माणसं टेम्पोत घालून घेऊन गेली. त्या अजून तुमच्या गोदामात असतील तर आधी त्या शोधाव्यात, ही वेगळी विनंती. साठ वर्षांचं सागवान होतं ते.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये, सदोष सेवा आणि दिशाभूल करणारा दावा या कारणांवरून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहे. तुमचा माणूस पाहणीला पाठवायचा असेल तर कृपया दुपारी तीन ते पाचमध्येच पाठवा, आणि त्याला सासूबाईंच्या खुर्चीत अर्धा तास बसू द्या.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व बिल क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर)

सोबत : बिल, हस्तलिखित शेरा असलेलं कोटेशन, जुन्या व नव्या खिडकीची छायाचित्रं