आई-बाबा, मी राजीनामा दिला आहे

पुणे, ६ जुलै २०२५
आषाढी एकादशी

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधेच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

बुधवारी मी बँकेचा राजीनामा दिला. तो मंजूरही झाला आहे. नोटीस नव्वद दिवसांची, म्हणजे ३० सप्टेंबर हा शेवटचा दिवस. फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते, तू रडायला लागली असतीस आणि मला सगळं नीट सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

बाबा, मार्चमध्ये तुम्ही म्हणालात, "अजून एक वर्ष काढ, साहेब बदलतात, नोकरी राहते." तुमचं ऐकून मी खरंच प्रयत्न केला. साहेब बदललेही. पण नवे आले तेही तसेच निघाले, कारण त्यांच्या डोक्यावर बसलेला माणूस तोच आहे. रोज सकाळी साडेआठला कॉल असतो. काल कुणी किती विमा पॉलिसी लॉगिन केल्या, म्हणजे विकून त्यांचे अर्ज भरले, ते एकेकाचं नाव घेऊन विचारतात. ज्याचा आकडा शून्य, त्याची सगळ्यांसमोर चंपी. आमच्या शाखेतल्या एका मुलाला ताप होता, तो घरून कॉलवर आला, तर "आजारी पडायचं असेल तर टार्गेट पूर्ण करून पड" असं ऐकवलं. संध्याकाळी पुन्हा कॉल. लॉगिन झाल्याशिवाय घरी जायचं नाही. रात्री तुमचा फोन उचलत नव्हते ना, ते यामुळे.

पण निव्वळ बोलणी खावी लागतात म्हणून मी सोडलेली नाही. तेवढं सोसायची ताकद माझ्यात आहे, तुमचीच मुलगी आहे.

मे महिन्यात एक आजी-आजोबा काउंटरला आले. आजोबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आजींच्या हातात पिशवी, त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. त्यांना वाटत होतं की आपण फंडाचे दोन लाख एफडीत ठेवलेत. मी कागद उघडले तर तो विमा होता. दरवर्षी दोन लाख, दहा वर्षं भरायचे. आजोबांचं वय एकोणसत्तर. "बाई, दरसाल एवढे कुठनं आणायचे?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. नशीब, पॉलिसीचे कागद घरी येऊन तीस दिवस झाले नव्हते. तेवढ्या मुदतीत पॉलिसी परत करता येते, स्टँप ड्युटीसारखी थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. मी तिथंच त्यांचा अर्ज लिहून दिला, आजोबांची सही घेतली, पोच दिली. पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले.

साहेबांना कळलं तेव्हा ते भर शाखेत, गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "तुला पगार मी देतो का तो म्हातारा?" नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं की असं पुन्हा झालं तर रेटिंग खाली टाकीन, आणि या महिन्यात तू स्वतः पाच निवृत्तांच्या एफडी विम्यात फिरवून दाखव.

बाबा, एसटीत कंडक्टर असताना तुम्ही तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचात, आठवतं? मुक्कामाची गाडी करून सकाळी घरी आलात की आधी चामडी बॅग ओतायचात आणि मी नाण्यांच्या चळती लावायचे. एकदा कवठ्याच्या कुण्या म्हातारीचे सुट्टे द्यायचे राहिले होते. तुम्ही ते पैसे वेगळ्या कागदात बांधून वरच्या खिशात ठेवलेत आणि पुन्हा त्या मार्गावर ड्यूटी लागली तेव्हा थांब्यावर उतरून तिचं घर विचारत गेलात. आईनं त्यावरून किती ऐकवलं होतं तुम्हाला! माझ्या कपाळावर पंचाची खूण करायचात ती जागा अजून दुखते म्हणून सांगितलं की तुम्ही कसे हसता ते मला आत्ता दिसतंय. मी त्या निवृत्त लोकांच्या एफडी फिरवू शकत नाही, बाबा. इस्लामपूर डेपोतलं ते वर्ष मी लहान होते तरी पाहिलं आहे. तुमच्यामागं आम्ही दोघं शिकायचे होतो म्हणून तुम्ही गिळलंत. माझ्यामागं तसं काही नाही, ते तुम्हीच होऊ दिलं नाहीत.

आता पैशाचं. आई, इथं नीट ऐक.

नवी नोकरी ठरली आहे. सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात, १ ऑक्टोबरपासून. पगार चौसष्टवरून पंचेचाळीस हजारांवर येईल. तुम्हाला दरमहा पाठवते त्यात एक रुपया कमी होणार नाही. कर्वेनगरच्या खोलीत मैत्रीण आहेच, भाडं निम्मं. डबा तोच, मावशींचा, आणि ऑफिसला बसनं थेट जाता येतं. सात वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटी मिळेल, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तो हिशोब बाबांना तोंडपाठ आहे. ती मी तशीच बाजूला ठेवणार. नव्या ठिकाणी वीसपेक्षा कमी माणसं, त्यामुळे पीएफ नाही. पण जुन्या पीएफला मी हात लावणार नाही, त्यावर व्याज चालू राहतं, गेल्या वर्षाचं सव्वाआठ टक्के होतं. दादाला सगळं माहीत आहे, त्याला रागावू नका, मीच सांगू नको म्हटलं होतं.

आणि आईचा गुडघा. बँकेच्या ग्रुप पॉलिसीत तुम्ही दोघं ३० सप्टेंबरपर्यंतच आहात, म्हणून ऑपरेशन आता पुढं ढकलायचं नाही. डॉक्टरांची तारीख मी घेतली आहे, ५ ऑगस्ट. "गौरी-गणपती झाल्यावर बघू" चालणार नाही, आई. यंदा गणपती मिरजेला दादा-वहिनी बसवतील, तू इथं माझ्याकडे पाय लांब करून बसायचं. खोलीत कमोड आहे, जिना नाही, लिफ्ट आहे. मैत्रीण महिनाभर तिच्या बहिणीकडे राहणार आहे, तिनंच सुचवलं. पुढच्या विम्यासाठी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करते आहे, म्हणजे आधीची वर्षं धरली जातात. एकदम नवी घेतली तर शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

बाबा, तुमची सत्तरी झाली आहे, तुम्ही आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सिव्हिलला जा, या आठवड्यात जा, आणि झालं की मला फोटो पाठवा. गोळ्यांची पट्टी संपायची वाट बघू नका. आई, एकादशीला दोन्ही वेळ साबुदाणा खाऊ नको म्हटलं होतं, तू खाल्लाच असशील. निदान उद्या उपाशीपोटी शुगर तपासून घे.

कुणी विचारलं तर "चांगली नोकरी मिळाली म्हणून बदलली" असं सांगा. ते खरंच आहे. माईआत्याला मात्र मी स्वतः फोन करीन, तिला बाहेरून कळायला नको.

बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मला बोला, आईजवळ बोलू नका. तुम्ही दोन दिवस अबोला धरलात तरी मी रोज रात्री नऊला फोन करणार आहे, आता मला वेळ आहे.

२ ऑगस्टची कोयनेची दोन तिकिटं काढली आहेत, खालचे बर्थ मिळालेत. तुमचा एसटीचा पास आहे, मला माहीत आहे, पण त्या गुडघ्यानं आई एसटीच्या पायऱ्या चढणार नाही, तेव्हा त्यावरून वाद घालू नका. पुणे स्टेशनला मी डब्यापाशी येईन. आईचे जुने एक्स-रे पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत, ते वाकवू नका, दोन पुठ्ठ्यांत घालून आणा.

तुमची,
चिमी