म्हातारा पाऊस लागायच्या आत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आंब्यांची पेटी पोचली, एकही फळ डागाळलं नव्हतं. शेजारीही वाटले.

आज लिहायला बसले ते मात्र वेगळ्या कारणाने. घरामागे फणसाजवळ जमिनीला जी भेग पडली आहे तिचा विषय फोनवर काढला की बाबा, तुम्ही आवाज चढवता आणि आई, तू गप्प होतेस. म्हणून सगळं कागदावर लिहिते. दोघांनी एकत्र बसून वाचा.

शिमग्याला आले होते तेव्हा मी ती भेग नीट पाहिली. फणसाच्या मुळाखालून निघून ती थेट गोठ्याच्या मागच्या कुडापर्यंत गेली आहे. मध्ये एका जागी माझी चार बोटं आत जात होती आणि घराकडची जमीन वरच्या बाजूपेक्षा किंचित खाली बसली होती. बाबा, तुम्ही म्हणता उन्हाने जमीन फुटतेच. पण उन्हाने फुटते ती सगळीकडून, जाळी पडल्यासारखी. ही भेग एका रेषेत, उताराला आडवी गेली आहे. घराच्या खालच्या अंगाला रस्त्यासाठी जेसीबीने उतार कापला, त्यानंतरच ती दिसायला लागली. खालचा टेकू काढला की वरची माती सरकणार. मागच्या खोलीचं दार आता उचलून लावावं लागतं, हेही आईनेच मला सांगितलं होतं. मला ते दार आणि ती भेग वेगळी वाटत नाहीत.

बाबा, नक्षत्रं मला तुम्हीच शिकवलीत. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आता या तारखा बघा. आपल्याच तालुक्यातली जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते ही गावं दरडीखाली गेली ती 2005 च्या 25 जुलैच्या सुमाराला. माळीण 30 जुलै 2014. तळिये 22 जुलै 2021. इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री. सगळ्या दरडी म्हाताऱ्यात, नाहीतर तो लागता लागता. मृगापासून दीड महिना डोंगर पाणी पीत असतो. वर माती आणि कुजका मुरूम, खाली काळा कातळ. मुरलेलं पाणी कातळावर येऊन अडतं, वरची माती फुगून जड होते आणि तिची पकड सुटत जाते. तशात एखाद्या दिवशी आभाळ फाटतं. तळियेच्या वेळी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला होता. आपली सावित्री तिथूनच खाली येते. इकडे महाड पाण्यात, रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली आणि बाहेरून मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तसं पुन्हा झालं तर पहिला दिवसभर वाडीत वाडीवाल्यांशिवाय कुणी नसणार, हे धरूनच चाला.

‘आपली वाडी धोक्याच्या यादीत नाही’ हे तुमचं वाक्य मी बऱ्याचदा ऐकलं आहे. इर्शाळवाडीही यादीत नव्हती. हे तेव्हा विधानसभेत सांगितलं गेलं.

म्हणून माझं एकच मागणं आहे. 19 जुलैपासून म्हातारा पाऊस संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन तारखांपर्यंत, तुम्ही दोघांनी रात्री झोपायला आत्याकडे माळावर जायचं. पाऊस असो वा नसो. तिचं घर डोंगरापासून लांब आहे, पुराचं पाणी तिथवर कधी आलेलं नाही आणि वाटेत एकही ओढा-पऱ्ह्या ओलांडावा लागत नाही. महाडला जायचा विचार नको. पुराच्या दिवशी ती वाट नदीकडे जाते आणि 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला, ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं आहे.

बाबा, बहिणीच्या घरी रोज जाणं तुम्हाला जड वाटतं, ते मला समजतं. मी आत्याशी बोलले आहे. तिच्या माडीवर जागा आहे आणि ती स्वतः तुमची वाट बघते आहे. तरी मनाला लागत असेल तर आत्ताच एक पोतं तांदूळ, डाळ आणि सुकी मासळी तिच्याकडे नेऊन ठेवा. आपलंच खाऊ, फक्त तिच्या छपराखाली. गुरांचंही तसंच. तांबू आणि पाडीला जुलैच्या मध्यावरच माळावरच्या मांगरात हलवा, पेंढाही तिकडेच टाका. गुरं वर राहिली तर तुम्ही वरच राहणार, हे मला ठाऊक आहे. आणि कधी अवचित निघावं लागलं तर निदान दावी सोडून द्या. सुटं जनावर वाट शोधतं, बांधलेलं जागच्या जागी मरतं.

दरड काही रात्रीच येते असं नाही. तळियेत ती दिवसाउजेडी आली. म्हणून जास्त पावसाच्या दिवशी काय करायचं तेही आज ठरवू, म्हणजे त्या दिवशी वाद नको. तेलाचा रिकामा चौकोनी डबा आहे ना, त्याचं वरचं तोंड पूर्ण कापा आणि तो खळ्याच्या मधोमध ठेवा. झाडाखाली नको, पागोळ्यांखाली नको. रोज सकाळी रिकामा करायचा. आत दहा सेंटिमीटर, म्हणजे आईच्या अर्ध्या वितीएवढं पाणी साठलं, तर 100 मिलिमीटर पाऊस झाला. सकाळपासून दुपारपर्यंत एवढा भरला, किंवा रायगडला रेड अलर्ट आहे असं कळलं, तर हातातलं काम टाकून उजेड असतानाच माळावर जायचं. रेड अलर्टची बातमी दादा तुम्हाला फोन करून सांगेल.

भेगेच्या दोन्ही बाजूंना एक-एक लोखंडी खुंटी ठोका आणि मधलं अंतर पट्टीने मोजून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत जा. मृग लागायच्या आत भेग चिकणमातीने ठासून बुजवा आणि वर प्लास्टिकचा कागद अंथरून कडांना दगड लावा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. वरच्या अंगाचा चर साफ करून घ्या. पाणी तुंबलं तर तिथेच मुरतं. याने डोंगर थांबत नाही, पण तो हलतो आहे की नाही ते तरी कळेल. अंतर वाढलं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, पऱ्ह्याचं पाणी भर पावसात कमी झालं, फणस कलला, नाहीतर भिंतीला नवीन चीर गेली, तर पाऊस किती झाला ते मोजत बसू नका. निघा, आणि निघताना वरच्या आळीला हाक मारा. त्यांच्यातही घरोघरी दोन म्हातारी माणसंच उरली आहेत. जाताना पुन्हा कुणी चष्मा आणायला, दार लावायला मागे वळायचं नाही.

त्यासाठी एक पिशवी दाराशी लटकलेली हवी. निसर्ग वादळात पत्रे उडाले तेव्हा ट्रंकेतले सगळे कागद भिजले होते आणि पुढे पंचनाम्याच्या वेळी किती धावपळ झाली! या वेळी आधार, रेशनकार्ड, पासबुकं, घराची कागदपत्रं आणि जमिनीचे जुने दस्त दुहेरी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. सगळ्यांचे फोटो मी दिवाळीत काढून घेतले आहेत, तरी मूळ कागद जवळ असू देत. विजेरी, सुटे पैसे, बाबांचा जुना चष्मा आणि दोघांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. आई, तुझं इन्सुलिन त्या पिशवीत राहणार नाही, ते आत्याच्या फ्रिजमध्ये एक जास्तीचं ठेवू. वीज गेलीच तर मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. त्यात ते काही दिवस टिकेल. निघताना गॅस आणि मेन स्विच बंद करायचा, तोही वेळ असेल तरच.

घर सोडायचं म्हटलं की बाबा तुमच्या डोळ्यांत काय येतं ते मी पाहिलं आहे. आजोबांनी एकेक चिरा डोक्यावरून वाहून आणला, हे मला माहीत आहे. त्या घरावर माझाही तितकाच जीव आहे. पण घर पडलं तर दादा आणि मी मिळून पुन्हा बांधू, माळावर बांधू. तुमच्यापैकी एकालाही काही झालं तर मी काय करू, ते मला सुचत नाही आणि मला तो विचारही करायचा नाही.

112 आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर खडूने मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला लिहा. भेग पाहायला तलाठ्यांना अर्ज द्यायचा आहे, तो मी लिहून सोबत जोडला आहे. बाबांनी सही करून पोचपावती घ्यावी. मी मृगाच्या आधीच्या रविवारी येते आहे. तोवर खुंट्या आणून ठेवा, आपण दोघं मिळून ठोकू. आणि तांदूळ आत्याकडे गेला की मला लगेच फोन करा.

तुमची,
सुमी