शेंगाचटणी बंद करणार नाही

ह्यूस्टन,
१८ जानेवारी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे, गड्ड्याचे फोटो मिळाले. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, नंदीध्वज, चिऊने बोट ठेवून मोजले, सात भरल्यावरच फोन सोडला.

तिच्या इसबाचं विचारलंस. कोपराच्या घड्या आणि गुडघ्यांच्या मागची जागा अजून लालच आहे. रात्री झोपेत खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. शेंगा, वांगं बंद कर म्हणालीस, पण तपासणीत शेंगदाण्याचं काही निघालं नाही. निघाली ती धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची ॲलर्जी. आपल्याच कातडीचा कोंडा खाऊन ते गादीत राहतात. इथली हवा दमट, त्यात घरभर गालिचा! तू उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकायचीस आणि आम्ही कुरकुरायचो, ते आठवलं. कोरडी हवा आणि ऊन त्यांना मानवत नाही.

आता तिला त्याच किड्यांच्या अर्काची इंजेक्शनं सुरू केलीत. आधी अगदी थेंबभर, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत, पुढे महिन्याला एक. शरीराला सवय लागावी म्हणून. तीन ते पाच वर्षं चालेल. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात, कारण क्वचित अंगभर रिॲक्शन येते. पहिल्या दिवशी तिच्यापेक्षा माझेच हात गार पडले होते.

बरी होईल का? डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. २०२३ मध्ये संशोधकांनी अशा उपचारांचे २३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हे उपचार घेणाऱ्या शंभरातल्या चाळीसेकांचा त्रास निम्म्यावर आला; न घेणाऱ्यांतही सव्वीसेकांचा आलाच होता. म्हणजे फरक चौदा जणांचा. हे म्हणतात, एवढ्यासाठी पाच वर्षं? मी म्हटलं, त्या चौदांत चिऊ असली तर? अजून एकमत नाही, पण सुया चालू आहेत. मलमं आणि अंघोळीनंतर लगेच चोपडायचं क्रीमही चालूच. स्टेरॉइडच्या नावाने घाबरू नकोस, डॉक्टर सांगतील तेवढंच लावते.

एक काम कर. दोन सोलापुरी चादरी पाठव, सुती, कडकडीत पाण्यात धुतल्या तरी टिकणाऱ्या. इथली जाड रजई मशीनमध्ये मावतच नाही. आणि शेंगाचटणी पाठवच, लसूण जास्त घालून. चिऊ तुपाबरोबर खाते.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक